'टोळी गजाआड' ही बातमी मीच लिहिली होती

परवा गावच्या एका ग्रुपवर कुणीतरी टाकलं, 'जेलात जाणारे काही साधुसंत नसतात, फुकटचं खातात आणि मजेत राहतात.' खाली पन्नासेक अंगठे. निम्मे माझ्या ओळखीचे. कमेंट लिहायला बसलो, ती लांबत गेली, म्हणून इथे लिहितोय.

गोष्ट गेल्या वर्षीची. आपल्याकडे विहिरीवरच्या मोटारी चोरीला जाण्याचं सत्र सुरू होतं, आठवत असेल. ऐन रब्बीत मोटार गेली की शेतकऱ्याचं काय होतं हे मला कुणी सांगायला नको, माझं घरही शेतीवरच चालायचं. तर पोलिसांनी तिघांना उचललं. प्रेसनोट आली, फोटो आला. मी हेडिंग दिलं, 'मोटारचोर टोळी गजाआड'. खाली तिघांचं नाव, गाव, वय. 'संशयित' हा शब्द लिहायला जागा नव्हती असं नाही. सवय नव्हती. त्यातला एक पोरगा विशीतला, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला. चोरीची मोटार दुकानात सापडली, मालकाबरोबर हाही आत गेला.

दहा-बारा दिवसांनी त्याची आई ऑफिसात आली. हातात कात्रण. मला वाटलं, आता बसतात शिव्या. बाई म्हणाली, "साहेब, तुम्ही छापलंय म्हणजे तुम्हाला माहीत असंल. हर्सूलला भेटाया जायचं तर काय काय लागतंय?"

मला माहीत नव्हतं. वीस वर्षं क्राइमच्या बातम्या करतोय, 'न्यायालयीन कोठडीत रवानगी' हे वाक्य किती वेळा लिहिलं असेल देव जाणे. पण रवानगी झाल्यावर पुढे काय, हे कधी विचारलंच नाही. माझी बातमी तिथे संपायची.

पुढचं तिनेच शोधलं आणि मला सांगितलं. पहाटेची एसटी, बाईमाणसाला अर्धं तिकीट म्हणून परवडते. दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. पहिल्या खेपेला पिशवी भरून दशम्या नेल्या, त्या गेटवरूनच परत. आधार कार्ड दाखवायचं, नंबर लावायचा, मग काचेपलीकडे पोरगा आणि मधे फोन. मिळालेली पंधरा-वीस मिनिटं दोघं नुसती रडली. वेळ संपली.

बाहेर रांगेत एक म्हातारी होती, चार वर्षं नातवाला भेटायला येणारी. ती हिला म्हणाली, "रडायचं ते एसटीत रडून घ्यायचं. आत गेलं की शेळीचं सांग, पावसाचं सांग. घरी काय अडलंय ते सांगू नको, त्याला तिथून काही करता येत नाही, रात्रभर जागतो मग." कोर्टाकचेऱ्यांवर मी जेवढं वाचलंय, त्यात याच्याइतकं कामाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. पोरगा सुटून आल्यावर बोललो त्याच्याशी. म्हणाला, शेळी व्यायली, दोन करडं झाली, एक काळं एक बांडं, हे ऐकून आलो आणि आठ दिवस त्यावर काढले. बरॅकीत सगळ्यात वाईट काय, तर दुपार. काम नसतं आणि झोपही येत नाही. एक पक्का कैदी त्याला रोज मराठी पेपर वाचून दाखवायला लावायचा. (त्यात माझी बातमी होती का, हे विचारायची हिंमत झाली नाही.)

आता खरा मुद्दा. दुसऱ्याच महिन्यात त्याला जामीन मंजूर झाला होता. पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. तरीही तो आणखी पाच आठवडे आतच. कारण सातबारा घेऊन कोर्टात उभा राहील असं कुणी मिळेना. चुलता म्हणाला, पोरीचं लग्न ठरतंय. सरपंचांचा फोन लागेना. कोर्टाबाहेर एक जण म्हणाला, दहा हजार दे, जामीनदार मी उभा करतो. आणि खोटं कशाला सांगू, तिने मलाही विचारलं होतं. माझ्या नावावर दोन एकर आहे. मी म्हणालो, "बघतो." आठवडाभर बघतच होतो. पळून गेला तर पैसे भरावे लागतात, ही भीती काही खोटी नाही. शेवटी उभे राहिले आमच्या गल्लीतले एक रिटायर्ड कंडक्टर. पोरगा लहानपणी त्यांच्या गाडीने शाळेत जायचा, एवढीच ओळख.

एनसीआरबीचा 2022 चा अहवाल सांगतो, देशातल्या तुरुंगांत 5 लाख 73 हजार कैदी होते, त्यातले 4 लाख 34 हजार कच्चे. म्हणजे चारांतले तीन जण असे, ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. गरिबाला न झेपणारा जामीन मागू नका, हे सुप्रीम कोर्टाने 1978 सालीच मोतीराम खटल्यात सांगितलंय. जामीन होऊनही सात दिवसांत माणूस सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अट शिथिल करता येईल का हे कोर्टाने स्वतःहून बघायचं, हे जानेवारी 2023 चे निर्देश. नव्या कायद्यातलं कलम 479 म्हणतं, पहिलाच गुन्हा असेल आणि कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर सोडा (जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा असलेले गुन्हे सोडून, आणि एकापेक्षा जास्त केसेस नसतील तर). कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता, हे तर 1987 च्या कायद्यापासून आहे. त्या माउलीला यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नाही. मीही नाही. तिने वकिलासाठी कानातलं मोडलं.

ज्यांच्या घरचं कुणी आत आहे त्यांनी जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस विचारा, नाहीतर 15100 वर फोन करा. जामिनाच्या ऑर्डरची प्रत स्वतःजवळ ठेवा. आणि भेटायला जाताना दशम्या नेऊ नका.

केस अजून चालू आहे. दुकानमालकाने त्याला कामावर परत घेतलं नाही, मालक स्वतःच तारखांना फिरतोय. पोरगा आता बाजारच्या दिवशी हमाली करतो. पुढची तारीख येत्या गुरुवारी आहे. कंडक्टरकाका नेहमीसारखे त्याच्याबरोबर जाणार आहेत, या वेळी मी पण जातोय.