क्लास सुटल्यानंतरची दहा मिनिटं

फटका गँग म्हणजे काय, हे आपल्या लोकलच्या मार्गावर कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दारात उभं राहून बोलणाऱ्याच्या हातावर बाहेरून काठीचा तडाखा बसतो, फोन खाली पडतो आणि गाडी पुढे निघून जाते. गेल्या महिन्यात असाच एक तरुण डोंबिवलीच्या फलाटावर शेजारी उभा होता, मनगट सुजलेलं. मी माझा फोन पुढे केला, ‘घरी कळव’ म्हटलं. बायकोचा नंबर त्याला येईना, भावाचाही येईना. शेवटी त्याने लावला तो आईच्या घरचा लँडलाइन, ०२५१ आणि पुढचे सात आकडे, शाळेत असताना पाठ केलेले.

मोबाइलने डोकं कामातून गेलं, असं यावर लगेच बोललं जातं. मला ते पटत नाही. मनगट ठणकत असताना इतक्या वर्षांपूर्वीचे आकडे घडाघडा बाहेर आले, म्हणजे स्मरणशक्ती शाबूत आहे. बायकोचा नंबर तो विसरला नव्हता; तो त्याने कधी पाठच केला नव्हता. कोलंबिया विद्यापीठाच्या बेट्सी स्पॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये हेच मांडलं होतं. माहिती संगणकात जपून राहणार असं वाटलं की माणसं ती कमी लक्षात ठेवतात. ती कुठे सापडेल, ते मात्र नीट लक्षात ठेवतात.

असं ओझं उतरवण्यात मला काही वावगं दिसत नाही. पूर्वी ठाकुर्लीच्या माणसाला सकाळच्या सगळ्या गाड्या तोंडपाठ असत. आता एम-इंडिकेटर ॲप उघडलं की वेळ कळते, गाडी लेट असेल तर सहप्रवासी तेही कळवतात. कुठल्या डब्यात चढलं की ठाण्याला जिन्यासमोर उतरता येतं, हे मात्र आजही कुणी फोनला विचारत नाही. ते रोज पायांनी गिरवलेलं असतं.

काळजी वाटते ती मोकळ्या वेळाची. कल्याणहून सीएसएमटी गाठायला फास्ट लोकललाही तासभर लागतो. या तासात पेपर वाचून व्हायचा, भजन रंगायचं, नाहीतर माणूस नुसताच खिडकीबाहेर बघत बसायचा. आता तिथे एकामागून एक रील्स असतात, आणि मुलुंडला पाहिलेलं घाटकोपरला आठवत नाही.

त्या नुसतं बसण्याची किंमत एका साध्या प्रयोगाने दाखवली आहे. एडिंबरा विद्यापीठाच्या मायकेला ड्यूअर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये साठी ओलांडलेल्या माणसांना दोन छोट्या गोष्टी ऐकवल्या. एकीनंतर दहा मिनिटं शांत बसायचं, दुसरीनंतर दहा मिनिटं चित्रांतले फरक शोधायचे. शांत बसण्याआधी ऐकलेली गोष्ट त्यांना जास्त आठवली, अगदी आठवड्यानंतरही. ऐकलेलं जिरायला वेळ लागतो. तेवढ्यात नवं काही समोर आलं की आधीचं निसटतं.

घरातल्या आजी-आजोबांच्या हातून फोन काढून घ्यायचं मात्र यात काही कारण नाही. २०२५ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये ५७ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात पन्नाशीपुढची चार लाखांहून अधिक माणसं होती. फोन-संगणक वापरणाऱ्यांत बुद्धी मंदावण्याचं प्रमाण उलट कमी आढळलं. मुळात तल्लख असलेली माणसंच फोनकडे वळत असतील, हेही शक्य आहे. तरीही पुण्यातल्या नातवासाठी सत्तरीत व्हिडिओ कॉल शिकणारी आजी डोक्याला चालना देते आहे, असंच मी म्हणेन.

मला बोलायचं आहे ते दहावी-बारावीच्या मुलांबद्दल. संध्याकाळी डोंबिवली पूर्वेला क्लास सुटतो तेव्हा शेअर रिक्षाच्या रांगेत बघा. दीड तास रसायनशास्त्र ऐकलेली मुलं जिना उतरता उतरताच स्क्रीनमध्ये शिरलेली असतात. जे दीड तासात कष्टाने शिकवलं, त्यावर पहिल्याच मिनिटाला दुसरं काहीतरी येऊन पडतं. आणि फी भरायला पालकांनी ओव्हरटाइम केलेला असतो.

अनेक क्लासमध्ये फोन आत शिरतानाच जमा करून घेतात, हे चांगलंच आहे. माझी विनंती एवढीच की ते दारात लगेच परत देऊ नयेत. शेवटची दहा मिनिटं काही शिकवू नका, वह्या मिटवा, फळा पुसून टाका आणि मुलांना नुसतं बसू द्या. पोर्शन दहा मिनिटांनी मागे पडला तरी चालेल.