पंधरा वर्षं कुणीच का बोललं नाही? ओळखीच्या माणसाकडून होणारा अत्याचार आणि आपली चुप्पी

जानेवारी २०२५ मध्ये नागपूरच्या हुडकेश्वर पोलिसांनी एका मानसशास्त्रज्ञाला अटक केली. शिबिरांच्या नावाखाली मुलींना बोलवायचं, अत्याचार करायचे आणि फोटोंची भीती दाखवून त्यांना गप्प ठेवायचं, असे त्याच्यावर आरोप आहेत. पोलिसांनी सांगितलेला आकडा अंगावर काटा आणणारा होता: १५ वर्षं आणि किमान ५० विद्यार्थिनी. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. पण पोलिसांपर्यंत पोहोचली ती एक माजी विद्यार्थिनी, शाळेचं वय कधीच ओलांडलेली. बाकीच्यांपैकी अनेकींची लग्नं झाली आहेत आणि त्या पुढे यायला कचरतात, असं तेव्हा समोर आलं.

नागपूर आपल्या धाराशिवपासून लांब आहे. ‘आपल्याकडे असलं काही होत नाही’ असं म्हणून मोबाईल खाली ठेवणं सोपं आहे. पण एवढी वर्षं ही गोष्ट दडून राहिली ती कशामुळे, हे पाहिलं तर ती कारणं आपल्या घरातही सापडतात.

धोका ओळखीचाच असतो

आपण मुलांना शिकवतो, ‘अनोळखी माणसाशी बोलू नको, त्याच्याकडून चॉकलेट घेऊ नको.’ आकडे वेगळं सांगतात. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील १२ हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. छळ करणाऱ्यांत निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. आणि यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते! ‘पोराला काय होतंय’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

ओळखीचा म्हणजे कोण? चाचा, मामू, खालूजान, शेजारी, रिक्षावाले काका, शिकवणीचे सर, कधी घरी पढवायला येणारे उस्तादही. बहुसंख्य उस्ताद आणि शिक्षक इमानदारीने काम करतात. पण ज्याच्यावर घर डोळे मिटून भरवसा ठेवतं, त्याच्याविरुद्ध तोंड उघडणं मुलासाठी सगळ्यात अवघड असतं. आपणच त्याला सांगितलेलं असतं, ‘मोठ्यांचं ऐकायचं, उलट बोलायचं नाही.’ गुन्हेगार नेमका याच शिकवणीचा फायदा घेतो. आधी लाड, भेटवस्तू, मग ‘हे आपलं गुपित’, आणि शेवटी ‘तुझंच नाव खराब होईल’.

आपल्या जिल्ह्यात यात आणखी एक गोष्ट आहे. कळंब, वाशी, भूम, परंड्याकडून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या निघतात. कुणाचे अब्बू पुण्या-मुंबईत, कुणाचे आखातात. मुलं सहा-सहा महिने नातेवाइकांकडे राहतात. त्यात गैर काही नाही, पोटासाठी करावंच लागतं. पण ज्याच्या घरी राहायचं, त्याच्याबद्दलच तक्रार असेल तर ते लेकरू सांगणार कुणाला?

मूल सांगतं, आपण ऐकत नाही

वर्गात आम्ही पाहतो, मूल सरळ वाक्यात सांगत नाही. ‘मला त्यांच्याकडे जायचं नाही’ एवढंच म्हणतं. अचानक अभ्यासात मागे पडतं, पोटदुखीचं कारण काढतं, अंथरूण ओलं करू लागतं. आपण ‘नाटक करतोय’ म्हणून दोन रट्टे देतो. मग मुलाचा निष्कर्ष पक्का होतो की इथे कुणी ऐकणारं नाही. त्यानंतर वर्षं जातात. ऑस्ट्रेलियात सरकारने नेमलेल्या शाही आयोगाने २०१७ मध्ये अहवाल दिला. संस्थांमध्ये अत्याचार सोसलेल्यांना तोंड उघडायला सरासरी जवळपास २४ वर्षं लागली होती. तिथले लोक शिकलेले, श्रीमंत. तरीही!

इज्जत कुणाची वाचते?

समजा, मुलाने सांगितलंच. मग घरात बैठक बसते. पोरीचा रिश्ता कसा होणार? खानदानात फूट पडेल. ठाण्यात गेलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळेल. आणि आपल्या समाजात एक भीती वेगळी आहे: आधीच टीव्हीवाले टपलेले आहेत, ही बातमी बाहेर गेली तर पूर्ण कौम बदनाम होईल. ही भीती खोटी नाही. पण एका गुन्हेगाराला झाकून कौमची इज्जत वाचत नाही. त्याला फक्त पुढचं मूल मिळतं.

काही लोक म्हणतात, दुसऱ्याचा ऐब झाकणं सवाबचं काम आहे. ऐब आणि जुल्म यात फरक आहे. स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी इन्साफची गवाही द्या, असा हुकूम सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत आहे. लहान लेकरावरचा जुल्म झाकणं ही परदापोशी नव्हे, ती जालिमची मदत आहे.

गप्प बसणं हाही गुन्हा

१४ नोव्हेंबर २०१२ पासून पॉक्सो कायदा लागू आहे. मुलगा असो वा मुलगी, १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला तो संरक्षण देतो. कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा इथे २०१९ मध्ये एका शाळेच्या वसतिगृहातील १७ आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं प्रकरण पुढे आलं. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती असूनही कळवलं नाही, असा आरोप होता. हायकोर्टाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला, पण २ नोव्हेंबर २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने तो आदेश फिरवला. माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा असून त्यातून बहुतेक वेळा गुन्हेगारालाच आसरा मिळतो, असं कोर्टाने बजावलं.

गावाला कळेल या भीतीवरही कायद्यात तोड आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हवा तिथे घेता येतो. शक्यतो महिला उपनिरीक्षकाने तो घ्यायचा आणि तेव्हा पोलिसांनी गणवेशात असू नये. मुलाचं नाव, फोटो, शाळा छापणं गुन्हा आहे. मोठं झाल्यावरही तक्रार करता येते. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन फुकट लागतो. कायदेशीर मदत आणि मनोधैर्य योजनेसाठी धाराशिवच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं.

कायदा कागदावर चांगला असला तरी ठाण्यात वेगळा अनुभव येऊ शकतो, हे ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरने दाखवलं. दोन चिमुकल्या मुलींच्या पालकांना गुन्हा नोंदवण्यासाठीच तासन् तास ताटकळावं लागलं. म्हणून एकट्याने जाऊ नका. मोहल्ल्यातला एखादा वकील, शिक्षिका किंवा अंगणवाडी ताईंना सोबत घ्या.

त्याआधीचं काम घरातलं आहे. अम्मी-अब्बूंनी रोज पाच मिनिटं मुलाचं ऐकावं. कुणाकडे जायला ते नाही म्हणत असेल, तर रागावण्याआधी कारण विचारावं. सांगितलंच, तर पहिलं वाक्य एवढंच असावं: ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही.’ मशिदींच्या कमिट्यांनी आणि मकतब चालवणाऱ्यांनी पढाईची खोली उघडी राहील, मूल एकटं कुणाबरोबर राहणार नाही, एवढा नियम तरी करावा. इमानदार उस्तादालाही त्याने संरक्षणच मिळेल.