तंबोऱ्यामागचा भुंगा

आमच्या घरीं गेल्या पावसाळ्यांत एक वाद उत्पन्न झाला, व तो चांगला दोन महिने चालला. वादाचें मूळ एक कॅसेट. आमच्या थोरल्या आत्याबाईंचें गाणें १९८४ सालीं घरच्याच बैठकींत त्या फितीवर घेतलेलें होतें. आत्याबाई आतां नाहींत. फीतहि झिजत चालली, म्हणून तिचें डिजिटल रूपांतर करून ठेविलें, आणि तें नीट ऐकतां यावें यासाठीं आमच्या पुतण्यानें घरींच एक डॅक बांधला. डॅक म्हणजे आंकड्यांच्या रूपानें सांठविलेल्या ध्वनीस पुन्हां विजेच्या लहरींचें रूप देणारें यंत्र. पहिल्याच दिवशीं नाना, म्हणजे आमचे तीर्थरूप, खुर्ची पुढें ओढून बसले व दोन मिनिटांतच म्हणाले, "अरे, ताईच्या तंबोऱ्यामागें हा भुंगा कोणाचा?"

भुंगा होता खरा. पुतण्याचें म्हणणें असें कीं, तो मुळांत फितींतच असणार. संगणकाकडून पुसून घेऊं. नानांचें म्हणणें, पुसतांना तंबोराहि पुसला जाईल. नानांची शंका निराधार नव्हती. भुंग्याचे स्वर गाळणारी चाळणी आसपासचे खरे स्वरहि थोडेबहुत ओरबाडतेच. पण भुंगा फितींत आहे कीं यंत्रांत, हें आधीं ठरवावयास हवें होतें, आणि त्याची परीक्षा एक पैसाहि न खर्चितां होते. गाणें थांबवावें व यंत्र तसेंच चालूं ठेवावें. आम्हीं तसें केलें. गाणें थांबलें, भुंगा चालूंच राहिला. आत्याबाईंच्या फितीवरील आरोप तेथेंच रद्द झाला.

भिंतींतून येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची व सेकंदास ५० आवर्तनें करणारी असते. ट्रान्सफॉर्मर तिचा दाब उतरवितो, चार डायोडांचा पूल तिला एकाच दिशेस वळवितो, व त्यामुळें सेकंदास १०० हेलकावे उरतात. मोठा कपॅसिटर पाण्याच्या टाकीप्रमाणें ते बरेचसे शांत करतो. राहिलेले मोडून काढून ठरावीक दाब पुरविणें हें रेग्युलेटरचें काम. त्याच्या पोटांत दाबाचा एक मानदंड असतो. बाहेर जाणारा दाब त्याच्याशीं सतत ताडून पाहत तो आपला नळ कमीअधिक उघडतो. अडचण अशी कीं, मानदंड स्वतःच किंचित् थरथरतो. साध्या रोधकांतील इलेक्ट्रॉनहि उष्णतेमुळें सैरावैरा धांवत असतात, हें बेल प्रयोगशाळेंतील जॉन्सन व नायक्विस्ट यांनीं १९२८ सालीं दाखवून दिलें. एक हजार ओमच्या रोधकांत ऐकूं येणाऱ्या स्वरांच्या पट्ट्यापुरती ही खळबळ सुमारें अर्धा मायक्रोव्होल्ट भरते.

पुतण्यानें प्रथम एलएम ३१७ हा रेग्युलेटर घातला होता. बॉब डॉबकिन यांच्या हातचा, १९७० च्या दशकांतला. स्वस्त व सोशिक. त्याचा मानदंड १.२५ व्होल्टचा. पांच व्होल्ट हवे असल्यास तो चौपट करून घ्यावा लागतो, आणि चौपट करतांना थरथरहि चौपट होते! ती सुमारें १५० मायक्रोव्होल्ट होते. सीडीच्या ध्वनींत ६५,५३६ पायऱ्या असतात; पूर्ण आवाज दोन व्होल्टचा धरल्यास एक पायरी ८६ मायक्रोव्होल्टची. म्हणजे थरथर पायरीहून मोठी झाली. यावर जुना व सोपा तोडगा असा कीं, त्याच्या जुळवणीच्या पायापासून जमिनीकडे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. मग स्थिर दाब चौपट होतो, पण थरथर बहुतांशीं वाढत नाहीं. हा कपॅसिटर लावण्याचा आळस करणाऱ्यानें रेग्युलेटरास नांवें ठेवूं नयेत.

पण पुतण्यास नवें तेंच हवें होतें. डॉबकिन यांनीं १९८१ सालीं सहकाऱ्यांसह लिनिअर टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली, व तिनें २०१५ सालीं एलटी ३०४२ हा रेग्युलेटर आणला. यांत मानदंडाचा गुणाकारच नाहीं. १०० मायक्रोअँपियरचा स्थिर प्रवाह एका रोधकांतून जातो, त्या रोधकावर पडेल तोच दाब बाहेर दिला जातो, व रोधकाशेजारचा कपॅसिटर थरथर गिळून टाकतो. शेवटीं उरते ती एका मायक्रोव्होल्टहूनहि कमी. वस्तु मसुरीच्या दाण्याहून लहान. डाग देतांना पुतण्यानें दोन वायां घालविल्या, व तिसरी आमच्या धाकट्या सुनेनें बसविली.

ही काटकसर डॅकच्या सर्वच भागांस लागते असें नाहीं. ती मुख्यतः हवी संदर्भ-दाबाच्या पायास, कारण डॅकमधून निघणारी लहर ही आंकडा व संदर्भ-दाब यांचा गुणाकार असते. संदर्भ हलला कीं गाणेंच हलतें. गंमत अशी कीं, आंकडा शून्य असतां हा दोष बहुधा दिसत नाहीं. आवाज चढेल तसा तोहि चढतो. शांततेंत मोजमाप घेऊन समाधान मानणारे येथें हटकून फसतात.

इतकें सगळें करून यंत्र सुरू केलें. भुंगा जशाचा तसा!

पुतण्याचें तोंड पाहवेना. त्या रात्रीं आम्ही दोघांनीं झांकण काढून कागदावर प्रत्येक तारेचा मार्ग काढला, तेव्हां दोष सांपडला. मोठा कपॅसिटर भरणारा प्रवाह संथपणें येत नाहीं. प्रत्येक हेलकाव्याच्या माथ्याशीं तो अँपियरभराच्या धक्क्यानें येतो. परत जाण्याची त्याची वाट व ध्वनीच्या जमिनीची वाट पुतण्यानें एकाच वीतभर तारेंतून नेली होती. अशा बारीक तारेचा रोध असून असून किती? ओमचा पन्नासावा भाग. पण एक अँपियर गुणिले तेवढा रोध म्हणजे वीस हजार मायक्रोव्होल्ट! एक मायक्रोव्होल्ट वांचविण्यासाठीं दोन मसुरी जाळल्या, आणि शेजारच्या तारेंतून वीस हजार आंत येत होते. ती तार काढून पुलापासून कपॅसिटरपर्यंत प्रवाहास स्वतंत्र वाट दिली, व ध्वनीची जमीन कपॅसिटरच्या पुढें एकाच ठिकाणीं जोडली. सारें काम पंधरा मिनिटांचें.

मग खुंटीस पेटलेला मनुष्य जसा थांबत नाहीं, तसे आम्ही पुन्हां जुना एलएम ३१७ कपॅसिटरासह लावून पाहिला. खरें सांगावयाचें तर कानास फरक कळला नाहीं. कॅसेटची स्वतःची खरखर इतकी कीं, तिच्यापुढें दोन्ही रेग्युलेटर सारखेच मुके. पुतण्या म्हणतो, चांगल्या नव्या ध्वनिमुद्रणावर फरक कळेल. कळेलहि.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नानांस बोलाविलें. तंबोरा लागला. खरखर होती, भुंगा नव्हता. खरखर कमी करूं का, असें पुतण्यानें विचारलें. नानांनीं हातानेंच नको म्हटलें. अस्थाई संपली व आत्याबाईंनीं श्वास घेतला, तेव्हां मागें कोठें तरी बशी ठेवल्याचा बारीकसा आवाज झाला. तो आम्हीं यापूर्वीं कधीं ऐकला नव्हता.

"ती तुझी आजी," नाना पुतण्यास म्हणाले. "चहा घेऊन आली होती. जरा मागें ने पाहूं."