तंबाखू : तिथे वाहतात, इथे चघळतात

वस्तीत तपासणीला गेलो की आम्ही आधी तोंड उघडायला सांगतो. कुणाच्या गालात आतून पांढरा चट्टा असतो, तर कुणाचे तोंड दोन बोटेही उघडत नाही. तंबाखू सोडा म्हटले की उत्तर तयार असते, "सिस्टर, हे जुन्यापासून चालत आलंय. आमची आजीपण मिसरी लावायची."

तंबाखू जुनी आहे हे खरे, पण ती मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी ती भारतात आणली, त्याला चारशे वर्षे झाली. मग जिथली ती, तिथले लोक तिचे काय करतात?

न्यूयॉर्क राज्यात आणि कॅनडात हॉडेनोशोनी हे मूळनिवासी लोक राहतात. मोहॉक, ओनायडा, ओनोन्डागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांचा त्यांचा संघ आहे. त्यांच्याकडे तंबाखू पवित्र मानतात. आभार मानताना ती आगीत टाकतात. तिचा धूर आपले शब्द निर्मात्यापर्यंत नेतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. औषधी वनस्पती तोडण्याआधी चिमूटभर तंबाखू वाहतात. जाणत्या माणसाकडे मदत मागायला जातानाही ती देतात. म्हणजे तिथे तंबाखू मुख्यतः देण्याची वस्तू आहे. दिवसातून दहा वेळा तोंडात टाकण्याची नाही.

पवित्र आहे म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. त्यांच्या तंबाखूत, म्हणजे निकोटियाना रस्टिकात, सिगारेटच्या तंबाखूपेक्षा जास्त निकोटीन असते. हीच जात आपल्या देशातही पिकते आणि खाण्याच्या तंबाखूत जाते.

कंपन्यांनी तंबाखूचा धंदा केला. आज अमेरिकेत सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण मूळनिवासी समाजातच सर्वांत जास्त आहे. म्हणून त्यांचे आरोग्य कार्यकर्ते सांगतात की विधीची तंबाखू वेगळी आणि दुकानातली वेगळी. ते आपल्या माणसांना परंपरा सोडायला सांगत नाहीत, व्यसन सोडायला सांगतात.

आमचे मत स्पष्ट आहे. आपल्या पुडीमागे तर कोणती परंपराही नाही. आहे ती फक्त सवय, आणि त्यावर दुकानदाराचा नफा. आजीने मिसरी लावली ती कुणी तिला धोका सांगितला नाही म्हणून. आपल्याला तो माहीत आहे.

आज आरशासमोर उभे राहून तोंड उघडा. चट्टा दिसला किंवा दोन आठवडे न भरणारी जखम असली, तर सरकारी दवाखाना गाठा. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ या क्रमांकावर मोफत फोन करा.