‘अर्धवेळ’ कामाची पूर्णवेळ फसवणूक

बंगळुरूच्या उत्तरेकडील येलहंक्यात मूल सकाळी शाळेत पोचवून दुपारी ते परत येईपर्यंतच्या अवधीत बसेल असे काम शोधणाऱ्या कष्टकरी आईपुढे प्रामुख्याने दोनच दारे असतात. पहिले तयार कपड्यांच्या कारखान्याचे. तेथे घड्याळ मालकाचे! आठवड्याचे ४८ तास कायम ठेवून दिवसाचे काम १२ तासांपर्यंत ताणण्याची मुभा कर्नाटक विधिमंडळाने २०२३ साली दिली. शाळेची घंटा त्यांना ऐकू आली नाही.

दुसरे दार ‘अर्धवेळ’ कामाचे : घरोघरची धुणीभांडी वा मानधनावरील सरकारी सेवा. येथे राबणे पुरे, दाम मात्र अर्धा. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांचे काम अर्धवेळ आहे, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये साफ फेटाळला आणि त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला.

‘स्त्रियांच्या सोयीचे काम’ असा डांगोरा पिटला जातो. सोय कोणाची? मूल वाढविण्याचा भार आईच्या माथी मारून तिच्या नाइलाजावर नफा कमावणाऱ्यांची! ३० हून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर हवे, असे १९४८ च्या कारखाना कायद्याने बजावले होते. ती मेहेरबानी नव्हती, हक्क होता.

म्हणूनच मागणी अर्ध्या कामाची नव्हे. प्रत्येक वस्तीत व कारखान्यात पाळणाघर, प्रत्येक तासाला पूर्ण दाम आणि आईबाप दोघांच्याही कामाच्या तासांत घट, यांसाठी संघटित लढा उभारला पाहिजे!