वाऱ्याच्या गिरणीतला संसार



पवनचक्की म्हटलं की हल्ली आपल्याला साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरची, वीज तयार करणारी उंच पाती आठवतात. पण 'चक्की' या शब्दात दळण आहे. युरोपात शेकडो वर्षं वाऱ्यावर धान्य दळलं जात होतं, आणि ते दळण थांबल्यावर त्यातल्या कितीतरी गिरण्यांची घरं झाली. अशाच एका जोडगोळीची ही गोष्ट.

इंग्लंडच्या दक्षिणेला, ससेक्स परगण्यात क्लेटन नावाचं छोटं गाव आहे. गावामागच्या टेकडीवर दोन पवनचक्क्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. लोक त्यांना बालगीतातल्या जोडीवरून 'जॅक' आणि 'जिल' म्हणतात. माझी लेक तिथून जवळच, ब्रायटनला असते. तिच्याकडे गेले तेव्हा त्या पाहिल्या.

जिल पांढरी, लाकडाची आणि वयाने मोठी. ती १८२१ साली ब्रायटनमध्ये बांधली गेली. पुढे १८५२ मध्ये घोडे आणि बैल जुंपून तिला क्लेटनच्या टेकडीवर ओढत आणलं. आपल्याकडे बिऱ्हाड हलतं, इथे अख्खी गिरणीच हलली! तिची रचनाही गमतीची आहे. मध्ये एक भक्कम लाकडी खांब आणि त्यावर तोललेली सगळी खोली. वारा जिकडून येईल तिकडे पूर्ण गिरणीचंच तोंड फिरवायचं. जॅक १८६६ चा, विटांचा उंच बुरूज. त्याचं फक्त डोकं, म्हणजे पात्यांसकट वरची टोपी, वाऱ्याकडे वळते.

मग वाफेवर चालणाऱ्या लोखंडी रुळांच्या मोठ्या गिरण्या आल्या. परदेशचा स्वस्त गहू बंदरात उतरे आणि तिथेच दळला जाई. टेकडीवर दळण घेऊन कोण चढणार? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन्ही चक्क्या थांबल्या.

त्यानंतर तिथे माणसं राहायला आली. आधी एडवर्ड मार्टिन नावाचे भूगर्भाचे अभ्यासक राहिले. त्यांनी तिथल्या दिवसांवर पुस्तकही लिहिलं. १९५३ मध्ये हेन्री लाँगहर्स्ट यांनी दोन्ही चक्क्या विकत घेतल्या. हे बीबीसीवर गोल्फचं समालोचन करत आणि वर्तमानपत्रात सदरही लिहीत. म्हणजे माझेच व्यवसायबंधू म्हणायचे! पण गोल भिंतीत संसार करणं सोपं नसतं. कपाट भिंतीला लागत नाही, पलंगामागे फट राहते, आणि स्वयंपाकघर एका मजल्यावर तर निजायची खोली दुसऱ्यावर. शेवटी १९६३ मध्ये त्यांनी शेजारीच नव्या पद्धतीचं घर बांधलं. १९७४ च्या 'द ब्लॅक विंडमिल' या मायकेल केनच्या चित्रपटात याच चक्क्या दिसतात.

आज जॅक खासगी घराचाच भाग आहे, तो बाहेरूनच पाहायचा. जिलचं नशीब वेगळं. १९७८ पासून गावातल्या हौशी मंडळींनी तिची डागडुजी सुरू केली आणि १९८६ मध्ये तिच्यात पुन्हा पीठ पडलं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९८७ च्या प्रचंड वादळात, ब्रेक लावलेला असूनही पाती फिरू लागली. घर्षणाने लाकूड पेटलं. त्या भयंकर वाऱ्यात ही मंडळी टेकडीवर धावली आणि त्यांनी तिला वाचवलं. आजही उन्हाळ्यात रविवारी दुपारी तिथे जाता येतं, पिठाची पिशवी विकत मिळते.

दोघांपैकी कोण जास्त सुखी, हा प्रश्न मी बरेच दिवस घोळवते आहे, कारण तो आमच्या घरातही आला आहे. बडोद्याला आमच्या सासऱ्यांची पिठाची गिरणी होती. ती बंद होऊन पंधरा वर्षं झाली. आता त्या जागेत पुतण्यासाठी दोन खोल्या काढायच्या ठरल्या आहेत. भाऊजी म्हणाले, "वहिनी, दगड भंगारवाल्याला देऊन टाकू, जागा अडते." यांना ते पटेना, आणि दोघं भाऊ दोन दिवस एकमेकांशी धड बोलले नाहीत.

मला विचाराल, तर खोल्या व्हायलाच हव्यात. रिकामी वास्तू पावसाळ्यागणिक खचते. जॅक उभा आहे त्यात तिथे चूल पेटती राहिली याचा वाटा मोठा आहे. पण जिलने दुसरंही शिकवलं. वस्तू नुसती जपून भागत नाही, तिचं काम माहीत असलेलं कुणीतरी लागतं. दगडांना टाकी कशी लावायची, बाजरीला जाडसर आणि गव्हाला बारीक कसं दळायचं, हे आज आमच्यात फक्त यांना ठाऊक आहे.

म्हणून मी दोघांना सुचवलं आहे की दगडांची जोडी अंगणात ओट्याला लावून बसवू, आणि त्याआधी एका रविवारी पुतण्याने काकांजवळ बसून सगळं विचारून, वहीत लिहून घ्यावं. भाऊजींनी जागा मोजून घेतली आहे. वही मी आणून ठेवली आहे.

तुमच्याकडे असं काही असेल, घाणा, माग, भट्टी, तर ते चालवणारं माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या. आणि जमलं तर आम्हालाही कळवा.