घर मिळाले, गाळ्याचे काय?

तळोजा म्हटले की आमच्या वाचकाला आधी तुरुंग आठवतो. डॉ. आनंद तेलतुंबडे २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, नेमके संविधान दिनी, याच कारागृहातून जामिनावर बाहेर आले. दुसरी आठवते ती औद्योगिक वसाहत, तिचा उग्र वास आणि नासलेली कासाडी नदी. तिसऱ्या तळोजाबद्दल मात्र कोणी लिहीत नाही. ते तळोजा सिडकोच्या इमारतींत राहते. परळ, नायगाव, चेंबूर, घाटकोपर येथील चाळी आणि झोपड्या सोडून आलेली आमची माणसे तेथे कर्जाचे हप्ते भरत संसार करीत आहेत. आज त्यांच्याबद्दल बोलायचे आहे. त्यांच्या घराबद्दल नव्हे, त्या घरात चालणाऱ्या धंद्याबद्दल.

सिडकोने २०१८ मध्ये तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली आणि द्रोणागिरी येथील १४,८३८ घरांची सोडत काढली. आर्थिक दुर्बल घटकासाठी घराचे क्षेत्रफळ होते २५.८१ चौरस मीटर, म्हणजे पावणेतीनशे चौरस फुटांच्या आसपास. ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी २६,००० घरांची योजना आली आणि जानेवारी २०२५ मध्ये दर जाहीर झाले, तेव्हा तळोजातले दुर्बल घटकाचे घरही पंचवीस लाखांच्या पुढे गेले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली. घर आले, मेट्रो आली. पण पोट कोठे भरायचे?

आमच्या परिचयाचे एक कुटुंब तेथे राहते. नवरा एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता, तो सुटला. बायकोच्या हातात शिवणकाम होते. एका मशीनच्या दोन झाल्या, मग ओव्हरलॉक आली. जूनमध्ये शाळेचे गणवेश, एप्रिलमध्ये निळे झेंडे आणि पंचशील ध्वज, एरवी ब्लाऊज आणि दुरुस्ती. आज त्या घरात दिवसा माणसे राहत नाहीत, कापड राहते. कटिंग करायचे तर जमिनीवरचे अंथरूण गुंडाळावे लागते. दहावीतला मुलगा जिन्यात बसून अभ्यास करतो. मशीनचा आवाज रात्री खाली जातो म्हणून खालचे बिऱ्हाड तक्रार करते. शेवटी सोसायटीची नोटीस आली : घर राहण्यासाठी आहे, कारखान्यासाठी नाही.

सोसायटीचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. खालच्या मजल्यावर झोपणारा माणूसही पाळी करून आलेला कामगारच आहे. प्रश्न असा आहे की, घरातून धंदा हलवा म्हणणाऱ्या व्यवस्थेने तो हलवण्यासाठी जागा कोठे ठेवली आहे?

येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. सिडकोच्या घराचा दर आधी ठरतो, मग सोडत निघते आणि त्या सोडतीत अनुसूचित जाती-जमातींना राखीव वाटा असतो. त्याच सिडकोचे दुकान मात्र सर्रास ई-निविदा आणि ई-लिलावाने जाते. घरासाठी नशीब लागते, गाळ्यासाठी थैली लागते! ज्याच्या गाठीला पिढीजात पैसा आहे तो पाच गाळे घेतो, कुलूप लावून ठेवतो आणि नंतर आम्हालाच भाड्याने देतो. म्हणजे आमच्या माणसाला शासनाने झोपण्याची जागा दिली आणि कमावण्याची जागा बाजाराच्या हवाली केली. वस्ती आमची, बाजारपेठ दुसऱ्याची. गावकुसाबाहेरच्या माणसाला हा हिशेब नवा नाही.

आणि एमआयडीसी? महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. तळोजाची वसाहत शेकडो हेक्टरवर पसरली आहे. तेथे खताचे, रसायनांचे, धातूचे मोठे कारखाने उभे राहिले. भूखंड मोजले जातात चौरस मीटरच्या शेकड्यांत आणि हजारांत. दोन मशीनवाल्या बाईने तेथे कोणता अर्ज करावा? अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी शासनाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाने विशेष सामूहिक प्रोत्साहन योजना काढली आहे. नाव मोठे आहे. पण ती योजना ज्याच्यापाशी भूखंड घेण्याची ऐपत आहे त्याच्यापासून सुरू होते. घरातल्या धंद्यापासून भूखंडापर्यंतच्या मधल्या पायऱ्याच नाहीत. पहिल्या मजल्यावर सत्काराची खुर्ची मांडली आहे, जिना मात्र बांधलेला नाही.

मग उरतो खाजगी मालक. त्याच्याकडे गेले की गाळा रिकामा असतो. आडनाव विचारले जाते. मग गाळा ‘कालच दिलेला’ असतो. आम्ही स्वतः एका कार्यकर्त्यासोबत गाळे पाहत फिरलो तेव्हा सकाळी दाखवलेला गाळा दुपारी, आधार कार्डाची प्रत दिल्यावर, पुतण्यासाठी राखून ठेवलेला निघाला. हे सिद्ध कसे करणार? अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरला. पण गोड बोलून दिलेल्या नकाराचा पंचनामा कोणता हवालदार करतो?

१९१७ साली परदेशातील उच्च शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावण्यात आले. त्यानंतर मुंबईत त्यांनी शेअर व्यवहाराविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागाराची जात कळली, गिऱ्हाईक तुटले आणि तो व्यवसाय बंद पडला. अर्थशास्त्राच्या एवढ्या मोठ्या पंडिताची ही गत, तर तळोजाच्या शिंपीकाम करणाऱ्या बाईची काय कथा? तिला भांडवल कमी पडते हे खरे. पण भांडवल असूनही दार उघडत नाही, हेही तितकेच खरे आहे.

आणखी एक आठवण आमच्या लोकांनी ठेवावी. बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत राहत असताना त्यांची कचेरी होती दामोदर हॉलमध्ये. बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम तेथूनच चाले. जागेची एवढी अडचण आणि पैशाची एवढी ओढाताण असताना त्यांनी कामाची जागा वेगळी ठेवली. पक्षकार येतील, कार्यकर्ते येतील, कागदपत्रे सुरक्षित राहतील, अशी जागा. पुढे छापखाना उभारला तोही स्वतंत्र. काम करायला स्वतःची जागा हवी, हे आम्हाला कोणा व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकातून शिकण्याची गरज नाही.

पण भावनेच्या भरात कोणी उद्याच गाळा घेऊ नये. हिशेब करावा. समजा, गाळ्याचे भाडे महिना बारा हजार, वीज दोन हजार आणि जाण्या-येण्याचे हजार. झाले पंधरा हजार. महिन्याचे सव्वीस दिवस काम धरले तर रोजचे सुमारे ५७७ रुपये. एका नगामागे सुता-दोऱ्याचा खर्च जाऊन पंचवीस रुपये सुटत असतील, तर आजच्यापेक्षा रोज २३-२४ नग जास्त शिवले तर कोठे भाडे निघते, नफा पुढचाच. शिवाय तीन महिन्यांचे डिपॉझिट म्हणजे ३६,००० रुपये आधी अडकणार. जूनचा हंगाम पाहून गाळा घेतला आणि ऑगस्टमध्ये मशीन थंड पडली, तर दागिने सावकाराच्या घरी जातात. वर्षभर पुरेल असे दोन-तीन बांधलेले गिऱ्हाईक हाती असल्याशिवाय ही उडी घेऊ नये. तोपर्यंत घरातच काम चालवणाऱ्यांनी घाबरूनही जाऊ नये. महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटपर्यंत वीज वापरणाऱ्या घरातल्या छोट्या व्यवसायाला घरगुती दर लावण्याची तरतूद महावितरणच्या दर-आदेशांत राहिली आहे. ती दाखवा.

गाळा घेताना करार लेखी करून नोंदवून घ्या. भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे ती नोंदणी करणे मालकाची जबाबदारी आहे. तोंडी व्यवहारात डिपॉझिट बुडते, आणि त्या पत्त्यावर ना बँकेचे कर्ज मिळते, ना मोठी ऑर्डर.

आता शासनाच्या योजनांकडे पाहू. २०२३ मध्ये गाजावाजा करून विश्वकर्मा योजना आली. अठरा पारंपरिक व्यवसाय, त्यात शिंपीही आहे. अवजारांसाठी पंधरा हजार, आधी एक लाख आणि नंतर दोन लाखांचे कर्ज, व्याज पाच टक्के. पैसा वाईट नाही, पात्र असेल त्याने जरूर घ्यावा. पण बापाचा धंदा मुलाने चालवावा हा विचार गुरू-शिष्य परंपरेच्या नावाने पुन्हा डोके वर काढत असेल तर आम्ही गप्प बसायचे काय? तमिळनाडू सरकारने याच कारणावरून २०२४ मध्ये ही योजना नाकारली आणि जातीच्या धंद्याची अट नसलेली स्वतःची योजना आणली. कारागीर त्याच्या ओट्यावरच बसून राहावा, फक्त हातोडा नवा असावा, अशी ही दृष्टी आहे. ज्या बाबासाहेबांनी जन्मावरून धंदा ठरवणारी व्यवस्थाच १९३६ साली उघडी पाडली, त्यांच्या अनुयायांना ओटा नको, गाळा हवा.

त्या मानाने पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातली आणि त्याच धर्तीवरच्या राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातली तरतूद कामाची ठरली. अनुसूचित जातीच्या अर्जदाराने स्वतःचे पाच टक्के घालायचे आणि शहरात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान, असा नियम. फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की, केंद्राच्या कार्यक्रमात जमिनीची किंमत प्रकल्पात धरत नाहीत, पण कामाच्या शेडचे भाडे तीन वर्षांपर्यंत धरता येते, हे नियमातच लिहिले गेले. आमचे किती अर्जदार ते लिहितात? एजंट मशीनचे कोटेशन जोडतो, स्वतःचे कमिशन घेतो आणि भाड्याचा रकाना रिकामा सोडतो. पुढे मशीन येते आणि ठेवायला जागा नसते!

जागेवाचून आणखी एक हक्क बुडतो. केंद्राच्या खरेदी धोरणानुसार सरकारी खात्यांनी आणि कंपन्यांनी लहान उद्योगांकडून २५ टक्के माल घ्यायचा, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. धोरण २०१२ चे आहे. प्रत्यक्ष खरेदी त्या चार टक्क्यांच्या बरीच खाली राहत आली आहे. विचारले की उत्तर तयार असते, ‘पात्र पुरवठादार मिळत नाहीत.’ पुरवठादार पात्र ठरतो तो उत्पादनाची जागा दाखवून. पलंगाखालची मशीन पाहून गणवेशाची मोठी ऑर्डर कोण देईल? म्हणजे आधी जागा नाकारायची आणि मग जागा नाही म्हणून काम नाकारायचे. याला गुणवत्ता म्हणतात!

यात बाईचा प्रश्न विसरता येणार नाही. घरातली शिलाई ‘रिकाम्या वेळेतले काम’ समजली जाते. बारा तास मशीन मारणारी बाई खानेसुमारीत गृहिणी म्हणून उरते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली घरकामगारांसाठी, म्हणजे घरी बसून मालकाचा माल तयार करणाऱ्यांसाठी, करार केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगाराची व्याख्या आहे, पण व्याख्येने पोट भरत नाही. वेगळा गाळा झाला की बाईचे काम दिसू लागते, तिच्या नावाची पाटी लागते. मात्र गाळ्याजवळ पाळणाघर नसेल तर तीच बाई परत घरात कोंडली जाईल, हेही ध्यानात ठेवावे.

आणि गाळ्यात दोन-चार मुली कामाला आल्या की आपण मालक होतो. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेबांनी मजूर खाते सांभाळले ते कामगाराच्या कामाचे तास, रजा आणि सुरक्षा यांसाठी. लहान गाळ्यांवर कारखाना कायद्याची नजर पडत नाही, म्हणून आपणही मुकादमासारखे वागावे काय? आपल्या गाळ्यात वेळेवर पगार नसेल तर भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो उतरवून ठेवावा.

आमची मागणी साधी आहे. सिडकोने तळोजासारख्या प्रत्येक वसाहतीत दीडशे-दोनशे चौरस फुटांचे कामाचे गाळे बांधावेत. त्यांचा लिलाव करू नये, घरांप्रमाणे दर ठरवून सोडत काढावी, आरक्षण ठेवावे आणि विकत घेणे न झेपणाऱ्याला ते भाड्याने द्यावेत. एमआयडीसीने मोठ्या भूखंडांच्या शेजारी बहुमजली लहान गाळ्यांची इमारत उभारावी. पनवेल महापालिका २०१६ पासून आहे. तिनेही मंडईच्या आराखड्यात कारागिरांची जागा धरावी.

शासन हे आपण होऊन करणार नाही. म्हणून वस्तीतल्या पाच-सहा धंदेवाल्यांनी एकत्र येऊन एक गाळा घ्यावा, भाडे वाटून घ्यावे, काज-बटनाचे मशीन सामाईक ठेवावे. विहारात रविवारी वंदना झाल्यावर तासभर अर्ज भरण्याचे काम व्हावे. जयंतीला डीजेवर खर्च होणाऱ्या पैशात एखाद्या गाळ्याचे डिपॉझिट सहज निघेल. त्या गणवेश शिवणाऱ्या बाईला सोसायटीने दिलेली मुदत सरत आली आहे. तिची मशीन विकली जाते की गाळ्यात जाते, हे काही एकट्या तिच्यावर अवलंबून नाही.